नोंदवहीत न उमटलेले चिन्ह : मध्य भारतातील गडगडाटी ढग आणि धन विजेच्या शोधाचा इतिहास

नागपूरच्या सोनेगाव विमानतळालगतच्या वेधशाळेत, आणि जगभरातील तिच्यासारख्या प्रत्येक वेधशाळेत, निरीक्षक ठरलेल्या वेळी आभाळाकडे पाहून जे हवामान टिपतो ते दोन अंकांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकात लिहिले जाते. वीज दिसली पण गडगडाट ऐकू आला नाही, तर १३. गडगडाटी वादळ आहे पण निरीक्षणाच्या क्षणी वेधशाळेवर पाऊस नाही, तर १७. आणि पावसासह किंवा गारांसह चालू असलेल्या वादळाच्या निरनिराळ्या प्रतींसाठी ९५ ते ९९, अशी ही व्यवस्था आहे. डोळ्यांना जे दिसते आणि कानांना जे ऐकू येते त्याची नोंद या पद्धतीने इतकी काटेकोर होत आली की एखाद्या ठिकाणी वर्षातून किती दिवस ढग गडगडले हे अनेक दशकांच्या मागे जाऊन सांगता येते. मात्र जमिनीवर पडलेल्या विजेने ढगातून ऋण प्रभार खाली आणला की धन, हे डोळ्यांना दिसत नाही आणि कानांनाही कळत नाही, त्यामुळे विजेचे हे चिन्ह कोणत्याही नोंदवहीत उमटले नाही. ते कळण्यासाठी निराळी उपकरणे लागली, आणि ती उपकरणे कोणी, कोणत्या आभाळाखाली उभी केली यावरून धन विजेविषयीचे मत शंभर वर्षांत दोनदा पूर्णपणे फिरले. या फेऱ्यातला पहिला मोठा टप्पा भारतात घडला.

जमिनीवर पडणाऱ्या बहुसंख्य विजा ढगाच्या खालच्या आणि मधल्या भागातील ऋण प्रभार जमिनीत उतरवतात. त्यांना ऋण वीज म्हणतात. जी वीज ढगातील धन प्रभार जमिनीवर आणते ती धन वीज, आणि जगभराचा हिशेब केला तर जमिनीवरच्या विजांमध्ये तिचा वाटा सुमारे १० टक्के भरतो. हा आकडा सरासरीचा आहे. ऋतू, वादळाचे वय आणि ढगाखालच्या हवेचा कोरडेपणा यांप्रमाणे तो इतका बदलतो की एखाद्या वादळात धन वीज जवळजवळ नसतेच, तर एखाद्यात ती बहुसंख्य होते. ज्या परिस्थितीत तिचे प्रमाण वाढते त्यातील बऱ्याच गोष्टी मार्च ते जूनच्या आरंभापर्यंत विदर्भावर एकत्र येतात, म्हणून हा इतिहास नागपूरच्या आभाळाशी जोडून पाहणे योग्य ठरते.

ढगाच्या विजेला चिन्ह असते ही जाण अठराव्या शतकातील आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियातील आपल्या घरावर लोखंडी सळई उभारून १७५२-५३ मध्ये ढगांचा प्रभार तपासला आणि गडगडाटी ढग बहुधा ऋण, पण क्वचित धनही असतात, असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष आजही टिकून आहे. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे या प्रश्नाची फारशी प्रगती झाली नाही, कारण ढगाचा प्रभार नेमका कोठे साठतो आणि तो निर्माण कशाने होतो हे ठरवण्याइतकी मापने कोणाजवळही नव्हती.

ती मापने सिमल्यात सुरू झाली. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे मुख्यालय सिमल्याला होते. खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांच्या हाताखाली १९०६ साली जॉर्ज क्लार्क सिम्पसन हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ रुजू झाले, आणि पावसाच्या थेंबांबरोबर किती व कोणत्या चिन्हाचा प्रभार जमिनीवर येतो हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९०८ च्या पावसाळ्यात त्यांनी जी व्यवस्था उभी केली ती त्या काळाच्या मानाने असामान्य होती. जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेल्या पात्रात पाऊस गोळा होई, ते पात्र प्रभार मोजणाऱ्या विद्युतमापकाला जोडलेले असे, आणि दर दोन मिनिटांत पावसाने आणलेला प्रभार आपोआप नोंदला जाई, इकडे शेजारीच पावसाची मात्रा आणि हवेतील विद्युतक्षेत्र यांच्याही नोंदी चालत. एखाद्या वादळाचे असे दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून वाचता येणे हीच या कामाची खरी ताकद होती. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सिमल्याच्या पावसाने आणलेला एकूण धन प्रभार ऋण प्रभाराच्या सुमारे तिप्पट होता.

या निरीक्षणावर सिम्पसन यांनी जो सिद्धान्त उभारला तो थेंब फुटण्याचा सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. मोठा थेंब जोरदार चढत्या हवेत फुटला की त्याचे तुकडे धन प्रभारित होतात आणि भोवतालच्या हवेला ऋण प्रभार मिळतो, हे प्रयोगशाळेत दिसत होते. ढगाच्या खालच्या भागात, जेथे चढता प्रवाह थेंबांना पडू देत नाही, तेथे थेंब वारंवार फुटून धन प्रभार साठत जावा, आणि ऋण प्रभार हवेबरोबर वर व बाजूला वाहून जावा, असे त्यांचे म्हणणे होते. तसे असेल तर ढगाचा पाया धन ठरतो आणि त्यातून जमिनीवर येणारी वीजही बहुधा धनच असली पाहिजे.

१९१० मध्ये सिम्पसन स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेबरोबर हवामानतज्ज्ञ म्हणून गेले, परतल्यावर पुन्हा भारतात काम करून १९२० साली ब्रिटनच्या हवामान खात्याचे संचालक झाले, आणि १९२६ मध्ये त्यांनी विजेच्या छायाचित्रांवरून आपल्या मताला दुसरा आधार दिला. प्रयोगशाळेतील ठिणग्यांचा अभ्यास करून त्यांनी असे मांडले की विद्युतविसर्ग धन प्रभाराच्या ठिकाणापासून दूर जाताना फांद्या फोडतो. छायाचित्रांतल्या बहुसंख्य विजांच्या फांद्या तर ढगाकडून जमिनीकडे फुटलेल्या दिसतात. तेव्हा त्या विजा धन प्रभाराच्या ढगातून निघालेल्या असल्या पाहिजेत. हा युक्तिवाद देखणा होता, आणि तो मान्य केला तर जमिनीवरची जवळजवळ प्रत्येक वीज धन ठरत होती. १९३१ साली शोनलँड आणि अलिबोन यांनी ऋण विसर्गालाही तशाच फांद्या फुटतात हे दाखवून दिले आणि या युक्तिवादाचा पाया निसटला.

विरुद्ध बाजूला केंब्रिजचे सी. टी. आर. विल्सन होते. वादळ दूर असताना जमिनीवरील विद्युतक्षेत्रात प्रत्येक विजेबरोबर जी एकदम उडी पडते ती मोजून, त्यांनी १९१६ आणि १९२० च्या निबंधांत ढगाचा वरचा भाग धन व खालचा ऋण असल्याचे मांडले. सिम्पसन थेट डोक्यावर पडणारा पाऊस मोजत होते, विल्सन दूरच्या ढगाचा एकंदर परिणाम मोजत होते. दोघांचीही मापने खरी होती, पण दोघे ढगाचे वेगवेगळे भाग पाहत होते, हे कळायला आणखी दोन दशके लागली. या वादाचे वर्णन पुष्कळदा एकाचा विजय आणि दुसऱ्याचा पराभव असे केले जाते, ते बरोबर नाही. सिमल्याच्या पात्रात पडलेला धन प्रभार पुढे ढगाच्या चित्रात आपली जागा घेऊन बसला, आणि ती जागा त्याला सिम्पसन यांनीच मिळवून दिली.

त्यासाठी त्यांनी ढगातच उपकरण पाठवले. क्यू येथील वेधशाळेत सिम्पसन आणि स्क्रेस यांनी बनवलेले हे साधन फुग्याखाली टांगलेले असे. घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारी एक चकती, तिच्यावर पोटॅशियम फेरोसायनाइडच्या द्रावणात भिजवलेला कागद, आणि त्या कागदाला टेकलेली लोखंडी टोके, एवढाच त्याचा गाभा होता. ढगातील विद्युतक्षेत्र जोरदार असले की वर आणि खाली सोडलेल्या तारांतून सूक्ष्म प्रवाह वाहू लागे, धन टोकापाशी लोखंड किंचित विरघळून कागदावर निळा डाग उमटे, आणि क्षेत्राची दिशा उलटली की डाग दुसऱ्या टोकाखाली सरके. फुगा फुटल्यावर साधन कोठेतरी शेतात पडे, सापडलेल्या माणसाने ते परत पाठवले की कागदावरील निळ्या रेषांवरून ढग पायापासून माथ्यापर्यंत वाचता येई. १९३७ आणि १९४१ च्या निबंधांतून जे चित्र पुढे आले त्यात माथ्याशी धन, मध्ये ऋण आणि पायाशी धन प्रभाराचा एक लहान साठा असे तीन थर होते. १९४१ च्या निबंधातील नमुना-ढगात हे साठे अनुक्रमे २४, २० आणि ४ कूलोमचे धरलेले आहेत. कूलोम हे प्रभाराचे एकक. मुख्य रचना विल्सन यांच्या बाजूची निघाली होती, आणि सिमल्याचा धन पाऊस पायाजवळच्या लहान साठ्याचा होता. स्वतःच्या तीस वर्षांच्या मताविरुद्धचा पुरावा स्वतःच गोळा करून प्रसिद्ध करणारी माणसे विज्ञानातही थोडीच सापडतात.

याच काळात महाराष्ट्राच्या भूमीवरही ढगांची विद्युतमापने चालू होती. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ पासूनची, तेथे एस. के. बॅनर्जी यांनी डोक्यावरून जाणाऱ्या गडगडाटी ढगांचे विद्युतक्षेत्र अभ्यासून १९३० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. हेच बॅनर्जी पुढे भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. सिमला, कुलाबा आणि नंतर पुणे अशी या विषयाची भारतातली वाट आहे, आणि शास्त्राच्या इतिहासात तिला मिळायला हवे तेवढे स्थान अजून मिळालेले नाही.

तीन थरांचे चित्र मान्य झाल्यावर मत दुसऱ्या टोकाला गेले. जमिनीवरच्या विजा मधल्या ऋण थरातून येतात हे स्पष्ट झाले, दक्षिण आफ्रिकेत शोनलँड यांच्या गटाने वेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या विजाही ऋणच निघाल्या, आणि धन वीज ही तळटीपेत टाकण्याजोगी अपवादात्मक गोष्ट समजली जाऊ लागली. तिचे खरे सामर्थ्य कळले ते स्वित्झर्लंडमध्ये. लुगानो शहराजवळील माँते सान साल्वातोरे या डोंगरावर कार्ल बर्गर यांनी १९४३ पासून सुमारे तीन दशके मनोऱ्यांवर पडणाऱ्या विजांचा प्रवाह थेट मोजला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीत धन विजा २६ होत्या, तर ऋण विजांचे पहिले झटके १०१ होते. मधला आकडा घेतला तर दोन्हींच्या शिखरप्रवाहात फार फरक नव्हता, धनासाठी ३५ आणि ऋणासाठी ३० किलोअँपिअर. पण सर्वांत जोरदार ५ टक्के विजा पाहिल्या तर ऋणाची पातळी ८० किलोअँपिअर आणि धनाची २५० किलोअँपिअर निघाली; आणि एका विजेत जमिनीवर येणारा प्रभार ऋणात साधारण साडेसात कूलोम, तर धनात ८० कूलोम भरला. बर्गर यांच्या मनोऱ्यांवरून कित्येक विजा खालून वर सुरू होत असल्याने त्या २६ विजा एकाच जातीच्या होत्या का, अशी शंका नंतरच्या अभ्यासकांनी योग्यच उपस्थित केली आहे. तरीही विजांपासून संरक्षणाची मानके आखताना हे आकडे आजतागायत आधाराला घेतले जातात.

नंतर दोन दिशांनी पुरावा आला. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील होकुरिकू भागात हिवाळ्यात पडणाऱ्या विजांपैकी मोठा भाग धन असल्याचे ताकेउती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले, आणि १९८१ मध्ये रस्ट, मॅकगॉर्मन व अर्नोल्ड यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या उग्र वादळांतही धन विजा नोंदवल्या. एकीकडे थंड समुद्री हिवाळा आणि दुसरीकडे तापलेले गवताळ मैदान, अशा परस्परविरुद्ध हवामानांत एकच गोष्ट सापडल्यामुळे ती निर्माण होण्याचे मार्ग एकाहून अधिक असले पाहिजेत, हे उघड झाले.

ते मार्ग समजण्यासाठी ढगातील प्रभार कसा निर्माण होतो हे पाहावे लागते. ढगाच्या ज्या भागाचे तापमान शून्याखाली असते तेथे तीन गोष्टी एकत्र नांदतात: बर्फाचे हलके स्फटिक, गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेले अतिशीत पाण्याचे सूक्ष्म थेंब, आणि ते थेंब अंगावर गोठवत वाढलेल्या लहान मऊ गारा, ज्यांना ग्रॉपेल म्हणतात. ग्रॉपेल आणि स्फटिक आदळून सुटताना एकमेकांना प्रभार देतात. साधारण उणे १० ते उणे २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कोठेतरी एक उलटतापमान असते. त्याहून थंड भागात ग्रॉपेल ऋण होतो आणि स्फटिक धन होऊन चढत्या हवेबरोबर माथ्याकडे जातात, तर त्याहून उबदार भागात ग्रॉपेल धन होतो. मधला ऋण थर, माथ्याचा धन थर आणि पायाजवळचा लहान धन साठा यांचा उलगडा अशा रीतीने होतो. मात्र जपानचे त्सुतोमु ताकाहाशी यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अतिशीत पाणी फार विपुल असेल तर ग्रॉपेल सर्वच तापमानांना धन होतो. इतर प्रयोगशाळांचे निष्कर्ष तपशिलात वेगळे आहेत, परंतु पाण्याच्या प्रमाणावर चिन्ह अवलंबून असते याबद्दल एकमत आहे. असे झाल्यास ढगाची रचनाच उलटी होते, धन थर मध्यावर येतो, आणि त्यातून जमिनीवर धन वीज पडणे सोपे जाते. २००० सालच्या उन्हाळ्यात कोलोरॅडो व कॅन्सस यांच्या सीमेवर झालेल्या मोठ्या क्षेत्रीय अभ्यासात अशा उलट्या रचनेची वादळे प्रत्यक्ष सापडली.

रचना सरळ असली तरी धन वीज पडण्याच्या वाटा उरतातच. उंचीबरोबर वारा झपाट्याने वाढत असेल तर ढग तिरका होतो, माथ्याचा धन थर मधल्या ऋण थराच्या डोक्यावरून बाजूला सरकतो, आणि जमीन व धन प्रभार यांच्यामध्ये ऋणाचा आडपडदा उरत नाही. वादळ ओसरू लागले की खालचा ऋण प्रभार पावसाबरोबर आणि आधीच्या विजांमधून निघून जातो आणि वर पसरलेला धन प्रभार उघडा पडतो. अनेक ढग मिळून झालेल्या मोठ्या वादळी समूहामागे शेकडो किलोमीटर पसरलेला, मंद पावसाचा जो पट्टा राहतो त्यातही धन प्रभाराचे आडवे थर असतात, आणि जबरदस्त धन विजांपैकी बऱ्याच या पट्ट्यातून येतात.

अशी वीज कशी वाढत जाते हे जर्मन शास्त्रज्ञ हाइन्झ काझेमिर यांनी १९५० साली मांडलेल्या कल्पनेवरून समजते, जी मान्य व्हायला अनेक दशके गेली. वीज दोन विरुद्ध प्रभारांच्या सीमेजवळ जन्मते आणि एकाच वेळी दोन्ही टोकांनी वाढते. या वाढत्या, तापलेल्या, विद्युतवाहक हवेच्या वाहिनीला लीडर म्हणतात. तिचे ऋण टोक धन प्रभाराच्या थरात शिरते आणि धन टोक ऋण प्रभाराकडे किंवा जमिनीकडे झेपावते. ऋण वीज खाली उतरताना साधारण ५० मीटरच्या पायऱ्यांनी, थांबत थांबत येते आणि प्रत्येक पायरी रेडिओलहरींत ठळकपणे ऐकू येते. धन लीडरला पुढे सरकण्यासाठी त्याहून कमकुवत विद्युतक्षेत्र पुरते, त्याची वाटचाल बहुधा सलग असते, ढगाजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर असतो आणि जमिनीजवळ येताना तो शंभरपट होऊ शकतो. तो रेडिओलहरींत अगदी क्षीण असल्याने पूर्वीच्या उपकरणांना जवळजवळ अदृश्य होता. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लोफार या रेडिओ दुर्बिणीने धन लीडरच्या अंगावर सुईसारख्या बारीक शाखा पुन्हा पुन्हा उजळताना टिपल्या, आणि त्याच्या वर्तनाचा बराच भाग प्रथमच दिसला.

धन लीडर जमिनीजवळ आला की झाड, मनोरा, किंवा मोकळ्या वावरात उभा असलेला माणूस अशा उंच वस्तूंवरून ऋण लीडर वर निघतात आणि त्यांतील एक त्याला मिळतो. त्या क्षणी प्रवाहाचा प्रखर झोत वाहिनीतून जमिनीकडून ढगाकडे धावतो. ऋण विजेत असे झोत एकाच वाटेने तीन-चार किंवा अधिक वेळा येतात, म्हणून ती लुकलुकताना दिसते. धन विजेत बहुधा एकच झोत असतो, पण तो ओसरल्यावरही प्रवाह थांबत नाही, कारण वरचे ऋण टोक धन थरात आडवे पसरत दहा-दहा किलोमीटरपर्यंत नवनवा प्रभार गोळा करीत राहते आणि तो त्याच वाहिनीतून उतरत राहतो. हा रेंगाळणारा प्रवाह सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक टिकतो, आणि वाळलेले गवत पेटवायला किंवा धातूला भोक पाडायला तोच पुरेसा ठरतो. अशा विजेने ढगातून एवढा प्रभार एकाएकी काढून घेतला की वरच्या विरळ हवेतही विसर्ग होतो. विल्सन यांनी ही शक्यता १९२० च्या दशकात वर्तवली होती. ६ जुलै १९८९ रोजी मिनेसोटा विद्यापीठातील तिघांनी तिचे पहिले चित्र कॅमेऱ्यात मिळवले, आणि स्प्राइट नावाने ओळखले जाणारे हे लाल झोत बहुतांशी धन विजेमागोमागच उमटतात हे पुढे सिद्ध झाले.

आता विदर्भाकडे वळता येते. मे महिन्यातील नागपूरच्या एखाद्या दुपारी पारा ४२ अंशांवर आणि दवबिंदू १६ अंशांवर असेल, तर दोन्हींतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे १२५ मीटर या ढोबळ नियमाने ढगाचा पाया जमिनीपासून सव्वातीन किलोमीटर उंचीवर येतो. त्याच शहरावर जुलैत तापमान २९ आणि दवबिंदू २४ असला की पाया ६०० मीटरच्या आसपास खाली उतरतो. मे महिन्यातील ढगात पाया आणि शून्य अंशाची पातळी यांच्यामध्ये जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा उबदार भाग उरतो, तर जुलैत तो याच्या दुपटीहून अधिक असतो. उबदार भाग पातळ असला की थेंबांना एकमेकांत मिसळून पाऊस म्हणून गळून जायला वेळ मिळत नाही, तापलेल्या भूमीवरून उठलेला जोरदार चढता प्रवाह ते पाणी थेट थंड भागात लोटतो, आणि ताकाहाशी यांच्या प्रयोगात दिसलेली विपुल अतिशीत पाण्याची अवस्था जवळ येते. अमेरिकेच्या मैदानांत धन विजेची वादळे उंच पायाच्या, पातळ उबदार भागाच्या ढगांशी जुळतात हे दाखवले गेले आहे, आणि मध्य भारतातील वळवाचे ढग या वर्णनात चपखल बसतात.

दुसरे कारण वाऱ्याचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या थरांतील पश्चिमी वारे अजून मध्य भारतापर्यंत जोरदार असतात, आणि समुद्रावरून दमट हवा आली की तिरके, गारा पाडणारे ढग तयार होतात. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली अभूतपूर्व गारपीट अशाच परिस्थितीतली होती. तिसरे कारण धुराचे. १९९८ च्या वसंत ऋतूत मेक्सिकोतील वणव्यांचा धूर अमेरिकेच्या मैदानांवर पसरला तेव्हा तेथील वादळांत धन विजांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे लायन्स आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवले. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांत मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात दरवर्षी वणवे लागतात, आणि त्याच आठवड्यांत अवकाळी ढगही जमतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, जी १९६२ साली स्थापन झाली, या विषयाला दीर्घकाळ घर दिले. एस. डी. पवार आणि ए. के. कामरा यांनी २००४ साली पुण्यावरील एका सुट्या ढगाच्या अभ्यासातून पायाजवळचा धन साठा विजांना चालना देऊ शकतो हे मांडले, आणि २००७ मध्ये वादळ संपताना विद्युतक्षेत्राची दिशा आलटून-पालटून बदलण्याच्या घटनेचा मागोवा घेतला. शतकापूर्वी सिमल्याच्या पात्रात जो प्रभार पडला होता त्याचेच हे पुढचे वाचन आहे. याच संस्थेने पुढे महाराष्ट्रात विजा हेरणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले आणि ते देशभर वाढवले; दामिनी या अॅपमधून मिळणारे इशारे त्यावर आधारलेले आहेत. वीज पडली की निघणारी रेडिओलहर निरनिराळ्या संवेदकांपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. त्या फरकावरून जागा आणि लहरीच्या आकारावरून चिन्ह ठरते. यातही सावधगिरी लागते, कारण ढगातल्या ढगात चमकणाऱ्या काही विजांची लहर जमिनीवरच्या क्षीण धन विजेसारखी दिसते, आणि म्हणून १० ते १५ किलोअँपिअरहून कमी प्रवाहाच्या धन नोंदी अभ्यासक बहुधा गाळतात. हे न करता काढलेले धन विजांचे प्रमाण फुगलेले निघते.

देशात वीज पडून दरवर्षी सुमारे २,८०० माणसे दगावतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ सालचा आकडा २,८८७ आहे. पाऊस थांबला की धोका सरला असे मानून वखरणी पुन्हा सुरू करणाऱ्याला किंवा झाडाखालून धुऱ्यावर परतणाऱ्याला धन विजेची माहिती असणे यासाठी महत्त्वाचे आहे, की ती वादळाच्या उतरणीला, आणि कधी ढगाच्या ऐरणीसारख्या पसरलेल्या माथ्यातून मुख्य पावसापासून कित्येक किलोमीटर दूरही पडते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आडोशाला थांबण्याचा जो नियम सांगितला जातो तो अशा विजांसाठीही तितकाच आवश्यक आहे.

विदर्भातील धन विजेत उंच पायाचा वाटा किती आणि धुराचा किती, हे वेगळे करणे मात्र सोपे नाही, कारण कोरडी हवा आणि वणवे दोन्ही एकाच काळात येतात आणि जूनच्या पावसाबरोबर दोन्ही एकदम संपतात. सप्टेंबर अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये मान्सून परतताना नागपूरवर पुन्हा गडगडाटी ढग येतात; तेव्हा जमीन ओली असते, पाया खाली असतो आणि जंगलात वणवा नसतो. या दोन हंगामांतील वादळांचे चिन्ह आणि नागपूरच्या डॉप्लर रडारवरील त्यांची उंची यांची वर्षानुवर्षे जोडीने तुलना झाली, आणि ज्या वर्षी वणवे कमी लागले त्या वर्षीचे मे महिन्यातील ढग स्वतंत्र काढून पाहिले, तर या दोन कारणांची फारकत करता येईल.